कागदावरचं गाणं

पाकशास्त्राचं पुस्तक वाचून कुणाला ढेकर आल्याचं अजून ऐकिवात नाही. तरी घरोघरी ती पुस्तकं असतात, आणि आजीचं लोणचं आजीबरोबर गेलं की कपाटातून बाहेर निघतात. गाण्याच्या वह्यांचंही तसंच. बुवा हयात असेतो वहीला कुणी विचारत नाही. बुवा गेले, की मंडळी ट्रंका उपसायला बसतात.

चिनी लोकांनी ही उपसाउपशी फार मोठ्या प्रमाणावर केली. त्यांचं 'गुचिन' नावाचं एक प्राचीन वाद्य आहे. लांबट लाकडी अंग, वर सात तारा, त्याही पूर्वी रेशमाच्या. पडदा एकही नाही. बोट कुठं ठेवायचं हे कळावं म्हणून तेरा टिकल्या तेवढ्या जडवलेल्या. कन्फ्यूशियसच्या काळापासून हे सभ्य गृहस्थाचं वाद्य. आवाज इतका मवाळ, की शेजाऱ्याला तक्रारीची सोयच नाही!

त्याची लिपी मात्र मोठी मासलेवाईक. तिच्यात स्वर लिहिलेलाच नसतो. डाव्या हाताचं कोणतं बोट कितव्या टिकलीपाशी, उजव्या हाताच्या कोणत्या बोटानं कितवी तार छेडायची, हे सगळं एका चौकोनी अक्षरात कोंबलेलं असतं. त्याच्याही आधी ही हकीकत सबंध वाक्यांत लिहीत. 'यूलान' नावाच्या रचनेचं तसं एक तांग काळातलं हस्तलिखित जपानात जपलं गेलं. एका रचनेला जवळपास पाच हजार अक्षरं! आपल्याकडे वाड्याचं खरेदीखत याहून कमी शाईत उरकतं. पुढं लिपी आटोपशीर झाली, पण एक गोष्ट राहूनच गेली. कोणत्या स्वरावर किती थांबायचं, ते काही लिहिलेलं नाही. म्हणजे सगळे थांबे दिलेत, फक्त गाडीच्या वेळा तेवढ्या नाहीत.

मिंग घराण्याच्या पहिल्या बादशहाचा सतरावा मुलगा झू छ्वान. सतराव्याच्या वाट्याला गादी येणं कठीणच. त्यानं संगीत धरलं हे उत्तम केलं. एक तप खपून त्यानं 1425 साली 'शेनची मीपू' हा साठाहून अधिक रचनांचा संग्रह काढला. नावातच 'गुपित' आहे, आणि पुस्तक मात्र छापील!

त्यात 'ग्वांगलिंग सान' ही रचना आहे. तिसऱ्या शतकातला ची खांग हा विद्वान वधस्तंभाकडे जाताना ती वाजवून म्हणाला म्हणे, की ही आता माझ्याबरोबर संपली. आणि हजारावर वर्षांनी ती या पुस्तकात हजर! विसाव्या शतकात ग्वान पिंगहू या वादकानं अक्षराअक्षराशी झटत तिच्यात पुन्हा लय भरली. एकेका रचनेपायी अशी कित्येक महिने बैठक मारावी लागते. त्यांच्या भाषेत या उद्योगाला 'दापू' म्हणतात. आपण तपश्चर्या म्हणू.

आपल्याकडे ही तपश्चर्या एका वकिलानं केली. वाळकेश्वरला 1860 साली जन्मलेले विष्णु नारायण भातखंडे वकिली सोडून गावोगावच्या खाँसाहेबांची दारं ठोठावत हिंडले. ठेवणीतल्या चिजा मुलीच्या लग्नात आंदण देण्याचा तो काळ. परक्याच्या वहीत त्या कोण उतरवू देणार? तरी पंडितजींनी 'क्रमिक पुस्तकमालिके'चे सहा भाग भरले. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, समेला फुली, खालीला शून्य. चिन्यांनी बोटं टिपली आणि काळ सोडला. भातखंड्यांनी काळ चोख मोजला, मींडेची कमानही काढली, पण त्या कमानीवरून किती अदबीनं चालायचं हे गळ्यावर सोपवलं. दुसरं करणार काय? प्रत्येक लिपीत अशी एक जागा रिकामी राहते, आणि गाणं नेमकं तिथंच राहायला असतं.

हे चीन नि वाळकेश्वर तिरोडा तालुक्यातल्या बोदलकशाला आठवायचं कारण म्हणजे रोवणी. इथं तळ्याभोवती डोंगर आणि रान. आसपासचा मुलूख धानाचा. पावसाळ्यात बांधीत वाकून पऱ्हे रोवताना बाया गातात, त्याला ना फुली ना शून्य. कंबर वाकते ती सम, सरळ होते ती खाली. हे गाणं टिपायला इथं कुठला राजपुत्र तप घालवणार? पऱ्हे रोवायला यंत्र आलं, तर ते गाणार नाही. आणि हात थांबले की गाणं कोणत्या ट्रंकेत शोधायचं?

1977 साली 'व्हॉयेजर' यानांवरून एक सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली. तिच्यावर ग्वान पिंगहूंचं साडेसात मिनिटांचं 'लिउ श्वे', म्हणजे वाहतं पाणी, आहे, आणि गोव्याच्या केरीत जन्मलेल्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवीही. पहिल्याचा वंश छापील लिपीतून आलेला, दुसरीचा अल्लादियाखाँसाहेबांच्या समोर बसून. दुसरं यान सुटलं त्यानंतर अकराच दिवसांनी केसरबाई गेल्या.

'लिउ श्वे'ची कथा बोया नावाच्या वादकाशी जोडलेली आहे. त्याच्या मनातलं पाणी नेमकं ऐकणारा एकच मित्र होता. तो वारला तेव्हा बोयानं वाद्य फोडून टाकलं. चिनी भाषेत जिवलगाला तेव्हापासून 'सूर ओळखणारा' म्हणतात. तबकडी वर कुणाला सापडेल न सापडेल. पण रोवणीचा सूर ओळखणारं माणूस हवं, तर त्याला इतकं लांब जायला नको. पावसाळ्यात बांधाशी उभं राहिलं तरी पुरे.