विजेची गाडी अडते कुठे?

विजेवर चालणारी मोटार ही एकविसाव्या शतकाची देणगी आहे, असा आपल्यापैकी बहुतेकांचा समज आहे. तो खरा नाही. १९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांतल्या १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि फक्त ९३६ पेट्रोलच्या होत्या. म्हणजे आज आपण जिला नवी नवरी म्हणून ओवाळतो आहोत, ती घरातली जुनीच आजी आहे. आणि गाडी जितकी जुनी, तितकंच तिचं बिघडणंही जुनं.

मोटारींचा इतिहास सांगताना आपण वेगाचे विक्रम सांगतो. कामिय जनात्झी या बेल्जियन गृहस्थानं २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ विजेच्या गाडीतून ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा ओलांडली, हे सांगतो. रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांचा इतिहास मात्र कुणी सांगत नाही. आज मला तोच सांगायचा आहे. कारण एखादं यंत्र समाजात टिकतं की नाही, हे ते किती वेगानं पळतं यावर ठरत नाही. ते अडलं की त्याला पुन्हा कोण चालतं करतो, किती वेळात आणि किती पैशांत, यावर ते ठरतं.

विजेच्या गाडीचा संसार चौघांचा असतो. वीज साठवणारी बॅटरी, ती किती आणि कशी सोडायची हे ठरवणारा नियंत्रक, चाक फिरवणारी मोटर आणि मोटरची ताकद चाकापर्यंत नेणारे दाते, म्हणजे गिअर. या चौघांपैकी एक रुसला, की गाडी जागची हलत नाही. कोणत्या काळात कोण रुसत होता, हे पाहिलं की सगळा इतिहास उलगडत जातो.

सुरुवात मोटारीपासून नव्हे, ट्रामपासून करावी लागते. अमेरिकेतल्या रिचमंड शहरात फ्रँक स्प्रेग या तरुण इंजिनिअरनं विजेवर चालणाऱ्या ट्रामचं कंत्राट घेतलं. शहर टेकड्यांचं, चढ खडे. १८८७ साली एका रात्री चाचणी घेताना ट्राम चढ चढत गेली, लोक गोळा झाले आणि मोटर जळाली. गर्दीसमोर हे कबूल कसं करायचं? स्प्रेगनं आपल्या सहकाऱ्याला मोठ्यानं सांगितलं की, किरकोळ बिघाड दिसतो, उपकरणं घेऊन ये. दिवे मालवून तो गर्दी पांगायची वाट बघत बसला. बऱ्याच वेळानं ‘उपकरणं’ आली. ती होती चार धट्टीकट्टी खेचरं! त्यांनी ट्राम ओढून नेली. ही गोष्ट पुढे स्प्रेगनंच रंगवून सांगितली.

पण गोष्ट तिथं संपली नाही. फेब्रुवारी १८८८ मध्ये ट्राम सुरू झाली आणि खरी डोकेदुखीही सुरू झाली. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवायची तर त्याला काहीतरी सतत टेकून राहावं लागतं. या टेकणाऱ्या तुकड्याला ब्रश म्हणतात. रिचमंडचे ब्रश धातूचे होते. ते भराभर झिजत, ठिणग्या उडत, फिरता तांब्याचा कॉम्युटेटर खरवडून निघे. दिवसभर गाड्या चालवायच्या आणि रात्रभर कानशी घेऊन त्या घासत बसायचं, असा प्रकार होता. याच सुमारास चार्ल्स व्हान डेपुल यानं कार्बनचा ब्रश वापरात आणला. काळा, मऊ, स्वतः झिजणारा, पण तांब्याला न दुखवणारा. त्या एका क्षुद्र दिसणाऱ्या तुकड्यानं विजेची वाहतूक वाचवली. मुंबईत ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली आणि ३१ मार्च १९६४ पर्यंत धावत राहिली, तिच्या पायाशीही रिचमंडची ही जागरणं आहेत. ज्यांनी ती ट्राम पाहिली, त्यांना चालकाच्या हातातली ती पितळी मूठ आठवत असेल. खटखट आवाज करत एकेक टप्पा पुढे सरकणारी. आरंभीच्या विजेच्या मोटारींचं नियंत्रणही याच जातीचं होतं.

आता लंडनला जाऊ. ऑगस्ट १८९७ मध्ये वॉल्टर बर्सी या विशीतल्या तरुणानं तिथं विजेच्या टॅक्सी सुरू केल्या. काळ्या-पिवळ्या रंगाच्या आणि गुणगुणत जाणाऱ्या, म्हणून लोकांनी त्यांना ‘हमिंगबर्ड’ हे नाव दिलं. वेग ताशी नऊ मैल. बॅटरीचं वजन सातशे किलोच्या घरात, आणि सगळी गाडी दोन टनांची. बॅटरी संपली की आगारात हायड्रॉलिक यंत्रानं ती काढून दुसरी चढवत. आज ‘बॅटरी अदलाबदली’ म्हणून ज्याचा गाजावाजा होतो, ते तेव्हाच झालं होतं. आणखी एक मान याच टॅक्सीकडे जातो. जॉर्ज स्मिथ नावाचा चालक सप्टेंबर १८९७ मध्ये दारूच्या नशेत टॅक्सी घेऊन बाँड स्ट्रीटवरच्या इमारतीत घुसला. दारू पिऊन मोटार चालवल्याबद्दल ब्रिटनमध्ये दंड झालेला तो पहिला माणूस.

या टॅक्सी दोन वर्षांत बंद पडल्या. मोटर वाईट होती म्हणून नव्हे. दोन टनांच्या ओझ्याखाली रबरी टायर झिजले. सहा महिन्यांत दाते आणि चाकं ढिली होऊन गुणगुण थांबली आणि खडखड सुरू झाली. त्या हादऱ्यांनी बॅटरीच्या नाजूक पट्ट्या खराब होऊ लागल्या. एकाचं दुखणं दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला. दुरुस्तीचा खर्च भाड्याच्या उत्पन्नाला खाऊन गेला. १८९९ मध्ये लंडनच्या रस्त्यांवर पुन्हा घोड्यांच्या टापा वाजू लागल्या.

बॅटरी हा दुबळा दुवा आहे, हे थॉमस एडिसननं ओळखलं होतं. शिसं आणि आम्लाऐवजी लोखंड आणि निकेल वापरून त्यानं नवी बॅटरी बनवली आणि मोठ्या थाटात बाजारात आणली. थोड्याच दिवसांत तक्रारी आल्या. डबे गळत होते, वीज धरून ठेवण्याची ताकद घटत होती. एडिसन तेव्हा जगातला सर्वांत नावाजलेला संशोधक होता. गिऱ्हाइकालाच दोष देणं त्याला सहज शक्य होतं. त्यानं १९०४ मध्ये कारखाना थांबवला, खराब बॅटऱ्या परत घेतल्या आणि हजारो प्रयोग पुन्हा केले. सुधारलेली बॅटरी १९०९ मध्ये आली. ती इतकी दणकट निघाली की पुढे कित्येक दशकं रेल्वेपासून खाणींपर्यंत वापरली गेली. माझ्या मते बल्बइतकंच मोठं असं एडिसनचं हे काम आहे. आपला माल बिघडला हे मान्य करून तो परत घ्यायला शोधापेक्षा जास्त छाती लागते.

दरम्यान बाजी उलटली होती. पेट्रोलची गाडी सुरू करायला पुढचा दांडा हातानं फिरवावा लागे. तो उलटा फिरला तर मनगट मोडे. म्हणून शहरातल्या सुखवस्तू बायका विजेच्या गाड्या पसंत करत. खुद्द हेन्री फोर्डच्या पत्नी क्लारा यांच्याकडे डेट्रॉइट इलेक्ट्रिक होती. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला आणि दांड्याची गरज संपली. गंमत बघा, विजेच्या गाडीला हरवलं ते एका छोट्या विजेच्या मोटरनं आणि बॅटरीनं!

विजेची गाडी पुन्हा उभी राहायला जवळजवळ पाऊण शतक जावं लागलं. आणि त्याचं उत्तरही बिघाडातच दडलेलं होतं. ज्या १८८८ साली रिचमंडमध्ये ब्रश घासले जात होते, त्याच साली निकोला टेस्लाला ब्रशच नसलेल्या मोटरचं पेटंट मिळालं. झिजायला काही नाही, ठिणगी नाही. पण ती चालते उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहावर, म्हणजे एसीवर, आणि बॅटरी देते एका दिशेचा प्रवाह, डीसी. दोघांमध्ये एक दुभाषा हवा होता. तो सेमीकंडक्टरच्या रूपानं आला. १९८० च्या सुमारास अमेरिकेत आयजीबीटी नावाच्या स्विचवर काम करणारे एक प्रमुख संशोधक होते आपल्याकडचे, आयआयटी मद्रासचे विद्यार्थी बी. जयंत बलिगा. सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणारा हा स्विच डीसीचा एसी करतो. या दुभाष्याला इन्व्हर्टर म्हणतात. २०२४ साली बलिगांना फिनलंडचं मिलेनियम तंत्रज्ञान पारितोषिक मिळालं.

म्हणजे बिघाड संपले का? नाही. त्यांनी घर बदललं. जुन्या गाडीत ब्रश झिजे, तो डोळ्यांना दिसे. नव्या गाडीत इन्व्हर्टरच्या त्या वेगवान उघडझापीमुळे मोटरच्या दांड्यावर भरकटलेला विद्युतभार साठू शकतो. तो वाट शोधत बेअरिंगमधून जमिनीकडे जातो आणि जाताना बेअरिंगच्या पोलादावर सूक्ष्म खड्डे पाडतो. गाडी गुणगुणायच्या ऐवजी घरघरू लागते. उपाय आहेत. त्या विजेला वेगळी वाट करून देणारी कडी बसवायची, नाहीतर वीज न वाहणाऱ्या सिरॅमिकच्या गोळ्यांची बेअरिंग घालायची. पण आधी रोग ओळखायला हवा. टेस्ला कंपनीच्या मॉडेल एस गाडीच्या ड्राइव्ह युनिटबद्दल आवाजाच्या तक्रारी आल्या. तेव्हा कंपनीनं ऑगस्ट २०१४ मध्ये त्या युनिटची हमी वाढवून आठ वर्षं आणि कितीही मैल अशी केली, आणि ती आधी विकलेल्या गाड्यांनाही लागू केली.

याहून विचित्र बिघाड २०२४ सालचा आहे. विजेच्या गाडीत मोठ्या बॅटरीखेरीज साध्या मोटारीसारखी बारा व्होल्टची एक छोटी बॅटरीही असते. दिवे, कुलपं, गाडीतले संगणक आणि मोठ्या बॅटरीचं दार उघडणारा स्विच, हे सगळं तिच्या जिवावर. मार्च २०२४ मध्ये ह्युंदाई कंपनीनं अमेरिकेत आयोनिक ५ सह काही मॉडेलच्या जवळपास ९९ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. छोट्या बॅटरीला वीज पुरवणारा भाग निकामी होऊन चालत्या गाडीची ताकद जाण्याचा धोका होता. धान्यानं कणगी भरलेली, पण कोठीची किल्ली हरवलेली आणि घर उपाशी, अशातली गत!

अशी वेळ आली तर काय करावं? गाडी इशारा देते. पडद्यावर सूचना येते, पुष्कळदा ताकद आपोआप कमी होते. ही गाडीची विनवणी समजावी आणि लगेच कडेला, सुरक्षित जागी थांबावं. पुढच्या गावापर्यंत रेटू नये. गाडी दोरानं ओढू नये. मोटरला जोडलेली चाकं जमिनीवर फिरली की अनेक गाड्यांत मोटरच वीज बनवू लागते आणि नवं दुखणं उभं राहतं. चारही चाकं वर घेणारी सपाट गाडीच बोलवावी. आणि नारिंगी रंगाच्या तारांना हात लावू नये. त्यांत तीनशे-चारशे व्होल्ट, काही गाड्यांत आठशे व्होल्ट असतात. गाडी बंद केल्यावरही काही काळ आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकी वीज शिल्लक राहू शकते.

इथेच मला जे सांगायचं आहे ते येतं. ‘मिस्त्री’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या ‘मेस्त्रे’वरून आला. अर्थ उस्ताद, गुरू. ‘दुरुस्ती’ हा फारसी ‘दुरुस्त’वरून आला. अर्थ बरोबर, धडधाकट, खरं. मोडलेलं पुन्हा खरं करणं म्हणजे दुरुस्ती, आणि ते करणारा तो गुरू, ही आपल्या भाषेची समज आहे. हायवेवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये कान लावून इंजिनाचं दुखणं ओळखणाऱ्या माणसांनी हा शब्द सार्थ केला. विजेच्या गाडीपुढे तो कान पुरत नाही. तिचं दुखणं संगणकाच्या सांकेतिक भाषेत असतं आणि ती भाषा वाचायची किल्ली बहुतेक वेळा कंपनीकडे.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं २०१२ साली कायदा करून ही माहिती बाहेरच्या गॅरेजांनाही मिळाली पाहिजे असं ठरवलं, आणि २०२० मध्ये मतदारांनी त्याची व्याप्ती वाढवली. आपल्याकडे केंद्र सरकारनं २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एक पोर्टल सुरू केलं. त्यात मोटारीही येतात. आयटीआयमध्ये विजेच्या गाड्यांच्या मेकॅनिकचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. पावलं योग्य दिशेची आहेत, पण रस्त्यावर उतरणाऱ्या गाड्यांचा वेग त्यांच्याहून जास्त आहे.

बर्सीची टॅक्सी बुडाली, कारण तिची दुरुस्ती परवडेना. रिचमंडची ट्राम तरली, कारण माणसं रात्रभर कानशी घेऊन बसली आणि त्या घासण्यातूनच चांगला ब्रश हवा हे कळलं. एडिसनची बॅटरी टिकली, कारण तिच्या कर्त्यानं दोष स्वतःच्या पदरात घेतला. विजेच्या गाडीला दुसऱ्यांदा संधी मिळाली आहे. ती टिकावी असं वाटत असेल, तर चार्जिंगचे खांब उभारतो तितक्याच घाईनं तिचे मिस्त्रीही घडवले पाहिजेत आणि दोष वाचायची किल्ली त्यांच्या हातात दिली पाहिजे. नाहीतर आडरस्त्यावर, भर पावसात अडलेल्या गाडीजवळ आपण उभे असू, आणि या वेळी मदतीला चार खेचरंही नसतील.