निकटक्षेत्र संदेशवहन : द्वारापासून दुकानापर्यंत

(१)

संदेशवहनाचा इतिहास सामान्यतः अंतरावर मिळविलेल्या विजयाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. १२ डिसेंबर १९०१ रोजी अटलांटिक महासागरापलीकडून आलेला बिनतारी संकेत ऐकल्याचे मार्कोनीने जाहीर केले, तेव्हापासून जो संदेश अधिक दूर जाईल तो अधिक श्रेष्ठ, अशी आपली धारणा होऊन बसली आहे. या धारणेला छेद देणारे एक तंत्र आज आपल्या खिशात आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एनएफसी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या निकटक्षेत्र संदेशवहनात संदेश चार-दोन सेंटिमीटरांपलीकडे जाऊ नये, अशीच योजना असते. मेट्रोच्या प्रवेशद्वाराशी टेकविलेले कार्ड, दुकानातील यंत्राजवळ नेलेला भ्रमणध्वनी, विमानतळावर वाचले जाणारे पारपत्र ही सर्व याच कुळातील उदाहरणे होत.

या तंत्राच्या शोधांची सनावळी देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. हेच तंत्र हाँगकाँग व टोकियो येथे झपाट्याने रुजले, आणि आपल्या बाजारपेठेत मात्र दीर्घकाळ उंबऱ्यावरच ताटकळत राहिले, असे का व्हावे, हा येथील प्रश्न आहे. त्याचे उत्तर तंत्राच्या गुणदोषांत फारसे सापडत नाही. वाचनयंत्राचा खर्च कोणी सोसावयाचा, या साध्या व्यवहारात ते सापडते, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

(२)

प्रथम तंत्राचे स्वरूप पाहू. त्याचे मूळ मायकेल फॅरडे याने १८३१ मध्ये शोधलेल्या विद्युच्चुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वात आहे. वाचनयंत्रातील वेटोळ्यातून प्रत्यावर्ती प्रवाह सोडला म्हणजे त्याच्याभोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. कार्डातील वेटोळे त्या क्षेत्रात आले की त्यात प्रवाह उत्पन्न होतो, आणि त्या उसन्या शक्तीवरच कार्डातील चिप काम करू लागते. कार्डाला स्वतःची बॅटरी लागत नाही. कार्ड उत्तर देते तेही स्वतंत्र तरंग सोडून नव्हे, तर आपल्यावरील विद्युत्भार कमीअधिक करून. तो फरक वाचनयंत्राला आपल्याच वेटोळ्यात जाणवतो.

यासाठी वापरली जाणारी वारंवारता १३.५६ मेगाहर्ट्झ असून तिची तरंगलांबी सुमारे २२ मीटर आहे. या मानाने निकटक्षेत्राची सीमा सुमारे साडेतीन मीटरांवर येते. परंतु वेटोळ्याच्या आकारापेक्षा अंतर वाढू लागले की या क्षेत्राची तीव्रता अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट झाले की तीव्रता एकअष्टमांश उरते. त्यामुळे प्रत्यक्ष व्यवहार काही सेंटिमीटरांतच आटोपावा लागतो. रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाचे कार्ड वाचले जात नाही ते यामुळेच. कार्ड जवळ नेणे हीच धारकाची संमती, असा एक संकेतही त्यातून रूढ झाला. मात्र अंतर थोडे म्हणून व्यवहार सुरक्षित, असे मानणे चुकीचे ठरेल. २००८ मध्ये नेदरलंड्समधील राडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी, जगभर वापरात असलेल्या 'मायफेअर क्लासिक' या कार्डाची गुप्तलिपी फोडून दाखविली होती.

(३)

या कुळाच्या आरंभीच्या दोन प्रयत्नांकडे पाहिले असता एक लक्षणीय गोष्ट नजरेस येते. स्मृती असलेल्या, स्वतःची वीज नसलेल्या रेडिओ-खुणेचे अमेरिकन एकस्व मारियो कार्डुलो याला १९७३ मध्ये मिळाले. तत्पूर्वी १९७१ मध्ये त्याने त्याचे प्रात्यक्षिक न्यूयॉर्कच्या बंदर प्राधिकरणापुढे केले होते, आणि त्याच्या मनातील एक प्रमुख उपयोग पथकर वसुलीचा होता. त्याच वर्षी, म्हणजे १९७३ मध्ये, चार्ल्स वॉल्टन याला मिळालेल्या एकस्वाचा संबंध किल्लीवाचून दार उघडण्याशी होता. एकापुढे नाके होते, तर दुसऱ्यापुढे दार. म्हणजे ज्या ठिकाणी माणसाला थांबवून मग आत सोडावयाचे असते, अशा द्वाराची कल्पना दोघांच्याही विचाराच्या मुळाशी होती. द्वाराचा मालक एकच असतो. यंत्र बसविण्याचा खर्च तोच करतो, आणि रांग लवकर सरली तर लाभही त्यालाच होतो. पुढील इतिहासाची किल्ली येथेच आहे.

(४)

हाँगकाँगमध्ये पाच वाहतूक संस्थांनी १९९४ मध्ये एकत्र येऊन एक कंपनी स्थापन केली आणि १ सप्टेंबर १९९७ रोजी 'ऑक्टोपस' कार्ड सुरू केले. त्यातील 'फेलिका' हे तंत्र सोनी या जपानी कंपनीचे होते. पहिल्या तीन महिन्यांत सुमारे ३० लाख कार्डे वितरित झाली. या यशाचे श्रेय केवळ तंत्राला देता येत नाही. जुनी चुंबकीय पट्टीची तिकिटे तीन महिन्यांत बदलून घ्यावीत, असे रेल्वे संस्थांनी प्रवाशांना बंधन घातले होते. प्रवाशाने कार्ड पसंत केले, त्याहून अधिक ते द्वाराने प्रवाशाला घ्यावयास लावले, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

टोकियोचे उदाहरण आणखी उद्‌बोधक आहे. पूर्व जपान रेल्वेने १८ नोव्हेंबर २००१ रोजी 'सुइका' कार्ड सुरू केले. गर्दीच्या वेळी एका द्वारातून मिनिटाला साठ प्रवासी जावयाचे, तर कार्डाशी होणारा सर्व व्यवहार सेकंदाच्या पाचव्या हिश्शात उरकला पाहिजे, असा हिशेब होता. परंतु प्रारंभीच्या चाचण्यांत वेगळीच अडचण उद्भवली. कार्ड कोठे व कसे धरावे हे प्रवाशांना उमगेना. कोणी ते हवेत फिरवी, कोणी उभे धरी. शुंजी यामानाका या अभिकल्पकाने १९९५ च्या सुमारास प्रयोग करून वाचनयंत्राचा पृष्ठभाग प्रवाशाकडे १३.५ अंशांनी झुकविला आणि कार्ड तेथे टेकवावे, असा संकेत ठरला. वस्तुतः या तंत्राला स्पर्शाची मुळीच आवश्यकता नाही. पण माणसाला ती होती. 'स्पर्शरहित' म्हणून जन्मलेले तंत्र स्पर्शाच्या सवयीमुळे लोकांच्या हाती बसले.

(५)

भ्रमणध्वनीत या तंत्राचा प्रवेश झाला तो एका तडजोडीतून. स्पर्शरहित कार्डांच्या आयएसओ १४४४३ या आंतरराष्ट्रीय प्रमाणात 'ए' व 'बी' असे दोन प्रकार मान्य झाले होते. सोनीच्या फेलिकाला त्यात स्थान मिळाले नव्हते. ५ सप्टेंबर २००२ रोजी सोनी व फिलिप्स या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी संयुक्त प्रयत्नाची घोषणा केली. त्यांचे तंत्र डिसेंबर २००३ मध्ये आयएसओ १८०९२ म्हणून मान्य झाले आणि २००४ मध्ये नोकियासह तिघांनी 'एनएफसी फोरम' ही संस्था स्थापन केली. कार्ड म्हणून वागणे, दुसरे कार्ड वाचणे, आणि दुसऱ्या भ्रमणध्वनीशी बोलणे, अशी तीन कामे एकाच यंत्राला आता करता येऊ लागली.

या तिन्हींचे भवितव्य सारखे झाले नाही. कार्ड म्हणून वागण्याचे काम २०१४ मध्ये ॲपलने आपल्या देयक-सेवेत स्वीकारल्यानंतर सर्वत्र पसरले. परंतु दोन भ्रमणध्वनी पाठीला पाठ लावून छायाचित्रे वा पत्ते देण्याची, अँड्रॉइडमध्ये २०११ साली आलेली सोय पुढे मागे पडली व अखेर काढून टाकण्यात आली. तिच्यामागे खर्च सोसणारा व लाभ घेणारा कोणी द्वारपाल नव्हता.

(६)

आता आपल्या देशाकडे वळू. येथेही या तंत्राने प्रथम द्वारातूनच प्रवेश केला. दिल्ली मेट्रो डिसेंबर २००२ मध्ये सुरू झाली ती स्पर्शरहित टोकने व कार्डे घेऊनच. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या वर्सोवा-घाटकोपर मार्गावरही हीच पद्धत आली. पारपत्र हेही एका अर्थाने द्वाराचेच साधन होय, आणि चिप असलेली भारतीय पारपत्रे नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये सिद्ध होतात. सर्व वाहतूक संस्थांना सामायिक असे 'नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड' मार्च २०१९ मध्ये जाहीर झाले.

दुकानाचा उंबरठा ओलांडणे मात्र कठीण गेले. प्रयत्न झाले नाहीत असे नाही. रिझर्व्ह बँकेने मे २०१५ मध्ये २,००० रुपयांपर्यंतचे स्पर्शरहित व्यवहार गुप्त क्रमांकाविना करण्यास मुभा दिली आणि १ जानेवारी २०२१ पासून ही मर्यादा ५,००० रुपये केली. परंतु यासाठी दुकानदाराकडे वाचनयंत्र हवे, आणि कार्डाच्या व्यवहारावर सामान्यतः त्याने शुल्कही द्यावयास हवे. भाजीवाल्याला वा पानपट्टीवाल्याला हा खर्च का परवडावा? रांग लवकर सरल्याने रेल्वेचा जो लाभ होतो, तो त्याच्या दुकानी होत नाही.

एप्रिल २०१६ मध्ये 'यूपीआय' आली आणि तिच्याबरोबर पुढे क्यूआर चौकटींचा प्रसार झाला. ही चौकट १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने मोटारींच्या सुट्या भागांच्या नोंदीसाठी काढलेली. तंत्रदृष्ट्या ती अधिक संथ आहे. कॅमेरा उघडा, रोख धरा, रक्कम भरा, गुप्त क्रमांक द्या, इतके सोपस्कार करावे लागतात. पण तिने खर्चाची बाजूच फिरविली. दुकानदाराकडे कागदाचा एक तुकडा पुरे. महाग यंत्र ग्राहकाच्या खिशात आधीच होते. जानेवारी २०२० पासून या व्यवहारांवर दुकानदाराला शुल्कही उरले नाही. जलद तंत्र मागे राहिले व संथ तंत्र गल्लोगल्ली पोहोचले, याचा उलगडा याहून वेगळा करण्याचे कारण दिसत नाही. मे २०२३ मध्ये दिल्ली मेट्रोनेही कागदी क्यूआर तिकिटे सुरू केली. म्हणजे एका खेपेच्या प्रवाशापुरती खुद्द द्वारानेही ही काटकसर स्वीकारली. उलट, सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या 'यूपीआय लाइट एक्स' या सोयीत जाळ्याशी संपर्क नसतानाही दोन भ्रमणध्वनींत देवघेव करण्यासाठी निकटक्षेत्र संदेशवहनाचाच आधार घेतला आहे. दुकानदाराचा भ्रमणध्वनी हेच वाचनयंत्र झाले, तर खर्चाचा हा प्रश्न पुन्हा नव्याने मांडावा लागेल.

(७)

वरील विवेचनातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, तंत्राच्या प्रसाराचा अभ्यास करताना संशोधकाची प्रतिभा व यंत्राची गती यांच्याइतकेच लक्ष खर्चाच्या वाटणीकडे दिले पाहिजे. हे तंत्र जेथे रुजले तेथे खर्च व लाभ एकाच हाती होते. जेथे ते हात भिन्न होते तेथे ते खोळंबले.

दुसरा निष्कर्ष अधिक गंभीर आहे. द्वारपालाला होणारा लाभ केवळ वेळेचा नसतो. ज्या यंत्राने द्वार उघडते त्याच यंत्रात कोण, केव्हा, कोठून गेला याची नोंद उरते. २०१० मध्ये हाँगकाँगच्या ऑक्टोपस कंपनीने आपल्या बक्षीस-योजनेतील ग्राहकांची माहिती इतर कंपन्यांना विकल्याचे उघडकीस आले. त्यातून तिला सुमारे ४ कोटी ४० लाख हाँगकाँग डॉलर मिळाले होते. २०१३ मध्ये सुइकाच्या प्रवासनोंदी दुसऱ्या कंपनीस दिल्याबद्दल पूर्व जपान रेल्वेवर टीका होऊन तो व्यवहार थांबवावा लागला. कार्डाचा संदेश चार सेंटिमीटरांपलीकडे जात नाही हे खरे; पण त्याची नोंद किती दूर जाईल, हे फॅरडेच्या नियमाने ठरत नाही. ते कायद्याने व नागरिकांच्या जागरूकतेनेच ठरावयाचे आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने या तंत्राची कथा लिहिताना हे दुसरे अंतरही मोजले पाहिजे.