दातखीळ : जबड्याच्या सांध्याचा इतिहास आणि एक बिगुलर



महाराष्ट्रात 'सदर' म्हटलं की कुणाला वाड्यातली सदर आठवते, कुणाला वर्तमानपत्रातलं सदर. आमच्या जबलपुरात सदर म्हणजे छावणीचा बाजार. १८१७ साली हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या हातून इंग्रजांकडे गेला. पुढे इथे छावणी वसली आणि फौजेला किराणा-कापड पुरवणारा मुख्य बाजार तो सदर बाजार. निवृत्त झाल्यावर मी इथेच राहिलो. वारा अनुकूल असला की पहाटे बिगुल ऐकू येतो. तो ऐकला की मला एक माणूस आठवतो, आणि थोडी शरमही वाटते. आजचा विषय त्याच्यामुळेच सुचला.

१९९०च्या दशकातली गोष्ट. मी कंपनी कमांडर होतो. आमचा एक बिगुलर समोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "साहब, सुबह मुँह नहीं खुलता. कान के पास दर्द है." आदल्याच आठवड्यात त्याने रजा मागितली होती आणि मी ती नाकारली होती. मी मनात दोन अधिक दोन चार केले : बहाणा. फौजेत अशा वेळी जे सांगतात तेच सांगितलं, "दाँत भींचो और काम करो." दात आवळणं हाच त्याचा आजार होता, हे मला फार उशिरा कळलं.

पुढे सात-आठ महिने त्याची फरफट झाली. कुणी कानात थेंब घातले. सुट्टीत गावाकडे एकाने दाढ काढली. दुखणं गेलं नाही म्हणून दुसरी काढली. दोन्ही दाढा तशा धडधाकट होत्या. शेवटी आमच्या एका डेंटल ऑफिसरने त्याला नीट तपासलं. आर्मी डेंटल कोअर १९४१ पासून आहे, पण तिच्यापर्यंत त्याला पाठवायला आम्हाला एवढे महिने लागले. त्याच्या तपासणीकडे मी शेवटी येतो. आधी हा प्रश्न घेऊ : रोज हजारो वेळा हलणारा सांधा माणसाने इतकी शतकं चुकीचा का वाचला?

सुरुवात आपल्या भाषेपासून करू. 'दातखीळ बसली' हा शब्दप्रयोग आपण भीतीसाठी वापरतो, पण तो मूळचा शरीराचा अनुभव आहे. संस्कृतात जबडा म्हणजे 'हनु'. इंद्राच्या वज्राने ज्याचा हनु भंगला तो हनुमान, अशी कथा आपण लहानपणी ऐकली आहे. आपल्या लाडक्या देवाचं नाव जबड्याच्या दुखापतीवरून पडलं आहे, हे मात्र फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही.

सुश्रुताचंही तसंच. त्याचं नाव निघालं की सगळे नाकाच्या शस्त्रक्रियेबद्दल बोलतात. पण सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मोडलेल्या हाडांवर एक अध्याय आहे आणि त्यात निखळलेल्या हनुसंधीचा उपचार आहे : आधी शेक द्यावा, सांधा जागेवर बसवावा आणि 'पंचांगी' नावाचा पट्टा बांधावा. इजिप्तमध्ये एडविन स्मिथ पपायरस म्हणून एक गुंडाळी मिळाली. ती साधारण इसवी सनापूर्वी १६०० ची आहे. तिच्यातही निखळलेला जबडा बसवण्याची कृती आहे : अंगठे तोंडात, बोटं हनुवटीखाली, आणि जबडा मागे ढकलायचा. आजही अपघात विभागातला डॉक्टर जवळपास हेच करतो.

म्हणजे निखळलेला जबडा माणसाला चांगला समजला होता. कारण तो डोळ्यांना दिसतो. तोंड उघडंच राहतं, रोगी बोलू शकत नाही. तिथे बहाण्याची शंका कुणी घेत नाही.

मोडलेला जबडाही तसाच. आम्हा फौजींना यातला एक प्रकार जवळचा आहे. कडक उन्हात जवान तासन्‌तास सावधानमध्ये उभा असतो, भोवळ येते आणि तो सरळ हनुवटीवर कोसळतो. मार बसतो हनुवटीला, पण धक्का हाडातून वर जातो आणि दोन्ही कानांपुढे जबड्याची डोकी मोडतात. शल्यचिकित्सेच्या पुस्तकांत याला 'परेड ग्राउंड फ्रॅक्चर' असंच नाव आहे. हनुवटीची जखम शिवून जवानाला परत पाठवलं, कानापुढचं हाड पाहिलंच नाही, असं होऊ शकतं. लहान मुलांत याचा परिणाम फार वाईट. मूल गच्चीवरून किंवा पाळण्यातून हनुवटीवर पडतं, सांध्यात रक्त साचतं आणि हळूहळू हाडाला हाड चिकटतं. कानातला जुना, दुर्लक्षित संसर्गही हे करू शकतो. मग तोंड उघडत नाही, जबड्याची वाढ खुंटते, हनुवटी आत जाते, झोपेत श्वास अडतो. आपल्या देशात अशी मुलं आजही पाहायला मिळतात. त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया हाच मार्ग आहे, आणि ती झाल्यावर महिनोन्‌महिने तोंड उघडण्याचा व्यायाम. तो सोडला तर सांधा पुन्हा चिकटतो.

खरी पंचाईत झाली ती न दिसणाऱ्या दुखण्याची. सांध्याची रचना थोडक्यात सांगतो. खालचा जबडा हे एकच हाड, पण त्याला दोन बिजागऱ्या. तोंड थोडं उघडेपर्यंत त्या फिरतात, जास्त उघडलं की पुढे घसरतात. हाडाचं डोकं आणि कवटीची खोबण यांच्यामध्ये एक लवचीक चकती असते. ती पुढे सरकली तर तोंड उघडताना हाड तिच्यावर उडी मारून चढतं, आणि 'कट्' असा आवाज येतो. चढता आलंच नाही तर तोंड अर्ध्यात अडकतं.

१८८७ साली एडिंबराच्या टॉमस अ‍ॅनन्डेल या सर्जनने अशी सरकलेली चकती टाके घालून जागेवर बसवली. काम धाडसाचं होतं. पण त्यातून एक समज रुजायला मदत झाली : आवाज म्हणजे बिघाड, आणि बिघाड म्हणजे दुरुस्ती.

मग १९३४ साल. अमेरिकेत सेंट लुईसचे जेम्स कॉस्टेन हे कान-नाक-घशाचे डॉक्टर. त्यांनी अकरा रुग्णांचा अभ्यास छापला : कान दुखणं, कानात आवाज, चक्कर, डोकेदुखी. त्यांचं निदान असं की मागच्या दाढा गेल्या की जबडा जास्त मिटतो, हाडाचं डोकं मागे सरकतं आणि कानाजवळच्या नसा दाबतं. उपाय : दातांची उंची वाढवा. या दुखण्याला 'कॉस्टेन सिंड्रोम' असं नाव मिळालं. कॉस्टेन यांचं श्रेय मोठं आहे. कानाच्या तक्रारीमागे जबडा असू शकतो, हे त्यांच्यामुळे डॉक्टरांच्या ध्यानात आलं. पण कारण चुकलं होतं. १९४०च्या दशकात शरीररचनेच्या अभ्यासकांनी दाखवलं की हाड तसं नस दाबतच नाही. तोवर दातांचं घासणं आणि चढवणं सर्वत्र सुरू झालं होतं. नकाशा चुकला तरी तुकडी कूच करत राहते, तसं.

१९५०च्या दशकात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लास्लो श्वार्ट्झ यांनी वेगळ्या दिशेने पाहिलं. ते म्हणाले, दात आणि हाड सोडा, स्नायू बघा. ताण घेऊन आवळले गेलेले स्नायूच दुखतात. १९६९ मध्ये शिकागोच्या डॅनियल लास्किन यांनी हाच विचार पक्का केला. पुढे १९७६ साली त्यांच्या गटाने एक मजेशीर प्रयोग छापला. रुग्णांच्या दातांचा चावा 'जुळवून' दिला, पण खोटा खोटा. दात घासल्याचं नाटक केलं, प्रत्यक्षात काहीच केलं नाही. निम्म्याहून जास्त रुग्णांना चांगलाच आराम पडला! याचा अर्थ ते ढोंगी होते असा नाही. धीर देणारा माणूस भेटणं आणि थोडा काळ जाणं, यानेच पुष्कळांचं दुखणं उतरतं, असा त्याचा अर्थ. मग चांगले दात कायमचे कशाला घासायचे?

हा धडा सगळ्यांनी घेतला नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेत व्हायटेक कंपनीने चकतीच्या जागी टेफ्लॉनचा थर असलेले तुकडे विकले. चावण्याच्या दाबाखाली ते झिजले, त्यांच्या कणांवर शरीराने हल्ला चढवला आणि त्यात आजूबाजूचं हाड खाल्लं गेलं. १९९१ पर्यंत ते परत मागवावे लागले. कित्येक रुग्ण पहिल्यापेक्षा वाईट अवस्थेत गेले आणि पुन्हा पुन्हा टेबलावर चढले.

त्याच सुमारास सौम्य वाटाही निघाल्या. १९७५ मध्ये जपानच्या ओनिशी यांनी बारीक दुर्बिणीने या सांध्यात पाहिलं. १९९१ मध्ये इस्राएलच्या डोरिट नित्झान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की अडकलेला सांधा दोन सुयांनी धुऊन काढला तरी अनेकदा मोकळा होतो. आणि १९९२ मध्ये निदानाचे नियम ठरले. ते २०१४ मध्ये सुधारून घेतले गेले. त्यात दोन पारडी आहेत : एकात स्नायू, सांधा, चकती. दुसऱ्यात त्या माणसाची झोप, चिंता, आयुष्यातली अडचण. दोन्ही तपासल्याशिवाय निदान पुरं होत नाही.

आता आमच्या बिगुलरकडे येतो. त्या डेंटल ऑफिसरने आधी एक्स-रे मागवला नाही. कानांपुढे बोटं ठेवून तोंड उघड-मीट करायला लावली. साध्या पट्टीने पुढच्या दातांमधलं अंतर मोजलं. साधारण ४० मिलिमीटर तरी हवं, त्याचं तीसही भरेना. गालाचा स्नायू दाबला आणि विचारलं, "यही दर्द है?" तो म्हणाला, "यही है, साहब." मग त्यांनी जे विचारलं ते मी विचारलं नव्हतं : झोप लागते का? घरी कसं आहे? घरी आई अंथरुणाला खिळली होती. रजा त्यासाठी मागितली होती. रात्रभर तो दात आवळत होता आणि दिवसा ओठ आवळून बिगुल फुंकत होता.

उपचार साधे होते : काही आठवडे बिगुल बंद, मऊ जेवण, गरम शेक, जबड्याचे हलके व्यायाम, रात्री दातांवर प्लेट, आणि रजा. दोन-अडीच महिन्यांत तोंड उघडू लागलं. काढलेल्या दाढा अर्थातच परत आल्या नाहीत. त्या प्लेटबद्दलही आता तज्ज्ञांचा उत्साह ओसरला आहे. २०२३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या मार्गदर्शनात भर आहे तो समजावून सांगणं, व्यायाम आणि मनावरचा ताण हाताळणं यांवर. तेव्हा त्याला बरं कशाने केलं, प्लेटने की रजेने, हे मी ठामपणे सांगणार नाही. माझा कौल रजेला.

मंडळी, या इतिहासातून घरी न्यायच्या गोष्टी थोड्याच. नुसता 'कट्' आवाज येतो, दुखत नाही, तोंड नीट उघडतं, तर बहुधा काही करायला नको. दुखत असेल तर आधी परत फिरता येईल असा उपाय करा. दात घासणं, निरोगी दाढ काढणं, सांधा उघडणं, हे परतीचे रस्ते नाहीत. आधी दुसरं मत घ्या. मूल हनुवटीवर पडलं तर कानापुढचं हाडही तपासून घ्या. जखमेनंतर जबडा आवळला जाऊ लागला तर तो धनुर्वात असू शकतो. आणि चालताना, जिना चढताना जबडा दुखत असेल तर दाताच्या डॉक्टरची वाट पाहू नका, हृदय तपासा.

आणि ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत त्यांच्यासाठी एक. समोरचा माणूस दुखतंय म्हणाला आणि आपल्याला काही दिसलं नाही, तर आपण नीट पाहिलं नसेल, हे आधी धरून चाला. मी तेव्हा तसं धरलं असतं, तर त्याच्या दोन दाढा वाचल्या असत्या.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.