कृष्णाकाठची तंबाखू आणि तिची पारख

हाताने वळलेल्या उंची सिगारची पारख पान, मुरवण, वळणी, जळण आणि चव पाहून होते. कृष्णा खोऱ्यातल्या विडीच्या तंबाखूची पारखही याच गोष्टींवर होत आली आहे. सिगार पारखतो तो ओढणारा, आणि त्याचे मत मासिकात गुणांसह छापून येते. विडीची तंबाखू मात्र शेतापासून कारखान्यापर्यंतच्या वाटेवर विकत घेणाऱ्याने पारखली. शेतकऱ्याचा भाव आणि कामगाराची मजुरी त्या पारखीवर ठरली. कराडपासून दक्षिणेला सांगली, जयसिंगपूर आणि निपाणीपर्यंतच्या पट्ट्यातल्या तंबाखूचा इतिहास बऱ्याच अंशी ही पारख कोणाच्या हातात होती याचा इतिहास आहे.

तंबाखू मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर ती सोळाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर आली आणि गोव्याहून घाट चढून आदिलशाही मुलखात पसरली. असद बेग हा मोगल अधिकारी १६०४-०५ च्या सुमारास विजापूरहून परतला, तेव्हा त्याने अकबरासाठी तंबाखू आणि ती ओढण्याचा जडावाचा सरंजाम नेला. उत्तरेत हे पान तोवर पाहण्यात नव्हते, असे त्याने लिहून ठेवले आहे. दरबारातल्या हकिमाने अनोळखी वस्तू म्हणून हरकत घेतली, तरी बादशहाने थोडी ओढून पाहिली. जहांगीरने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली. ती फार टिकली नाही. कराड त्या काळी आदिलशाहीत होते आणि १६५९ मध्ये अफझलखानाच्या वधानंतरच्या मोहिमेत ते शिवाजी महाराजांकडे आले. म्हणजे ज्या राज्यातून तंबाखू मोगल दरबारात पोहोचली, त्याच राज्यात कृष्णेचा हा काठ होता.

इंग्रजी अमदानीपर्यंत तंबाखू इथल्या शेतीत रुळली होती. सातारा जिल्ह्याचे गॅझेटिअर १८८५ मध्ये निघाले. त्या वेळी आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव, खानापूर हे भाग सातारा जिल्ह्यातच होते. ते १९४९ मध्ये वेगळे निघाले. नदीकाठची भारी काळी जमीन पावसाचे पाणी धरून ठेवते, आणि विडीच्या तंबाखूला हीच ओल पुरते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात रोपांची लावण आणि थंडीत कापणी असे हे पीक आहे. पाणी थोडे लागले तरी राबणूक मोठी असते. झाड वाढीला लागले की शेंडा खुडतात आणि बगलेतून फुटणारी पिले पुन्हा पुन्हा काढतात. त्यामुळे झाडाचा जोर बियांकडे न जाता पानांत उतरतो. पान जाड होते आणि त्यातले निकोटीन वाढते. सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूत साखर जास्त आणि निकोटीन कमी असते. विडीच्या तंबाखूचे उलट आहे, आणि म्हणून चिमूटभर तंबाखूची विडीही कडक लागते.

कापणीनंतर माल रानातच उन्हात सुकवतात. पान कोरडे होऊन चुरू लागले की त्याला दिवसा हात लावत नाहीत. पहाटेच्या दवाने ते मऊ पडले की गोळा करतात. मग त्याचे ढीग रचून मुरवतात. ढिगाच्या पोटात ऊब धरते, उग्र दर्प उडून जातो आणि रंग गडद होतो. ऊब वाढली तर माल करपतो आणि कमी पडली तर कच्चा राहतो, म्हणून ढीग वेळेवर उलथावा लागतो. क्यूबातही सिगारचे पान असेच ढिगात मुरवतात, पण तिथे ते महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालते.

मुरवण सारखी असली तरी पानाकडून अपेक्षा वेगळी असते. सिगारमध्ये आतले भरण, त्याला बांधणारे पान आणि वरचे आवरण ही तिन्ही तंबाखूचीच असतात. आवरणाचे पान मोठे, पातळ, लवचीक आणि डागाविना लागते. कृष्णाकाठचे पान याच्या नेमके उलट, म्हणजे जाड, खरबरीत आणि ठिपकेदार. विडीच्या बाजारात ठिपके हे चांगल्या मालाचे लक्षण मानतात. असे पान आवरणाच्या कामाचे नाही, पण चुरून विडीत भरायला उत्तम. हिंदुस्थानात चिरुटाचा धंदा वाढला तो दक्षिणेत, तिरुचिरापल्ली आणि दिंडीगुलकडे. तिथला चिरूट इंग्लंडात इतका ओळखीचा झाला होता, की १८८७ च्या पहिल्याच शेरलॉक होम्स कादंबरीत हा गुप्तहेर खोलीत पडलेल्या राखेवरून तो ओळखतो. राख आणि जळण पाहून माल ओळखणे ही लेखकाची निव्वळ कल्पना नव्हती. पान कसे पिकले आणि कसे मुरले, हे जळताना उघड होते.

कृष्णाकाठच्या मालाला जयसिंगपूर आणि निपाणी हे मोठे बाजार होते. जयसिंगपूर ही राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या जनकपित्याच्या नावाने वसवलेली बाजारपेठ. निपाणीचा व्यापार वखारींतून चाले. व्यापारी पानाचा रंग आणि ठिपके पाही, चिमूट हातात चुरून जाडी आणि ओल अजमावी, वास घेई. मालात माती, देठ आणि भुकटी किती आहे यावर भाव उतरे. ही पारख खरीच होती, तिच्यामागे वर्षानुवर्षांची सवय होती. मात्र तिला माप नव्हते. ओल किती म्हणजे जास्त आणि रंग कोणता म्हणजे कमी, हे घेणारा सांगे, आणि शेतकऱ्याकडे ते तपासण्याचे साधन नव्हते.

विडी वळणाऱ्यांच्या बाबतीतही हेच घडले. विडीचे वरचे पान तंबाखूचे नसते. ते टेंभुर्णीचे म्हणजे तेंदूचे असते. पश्चिम महाराष्ट्रात आपट्याची पानेही वापरात होती. पान भिजवून कात्रीने मापात कापायचे, तंबाखू भरून वळायचे, तोंड दुमडून दोरा बांधायचा, असे हे काम सोलापूर, सिन्नर, संगमनेरकडे हजारो बायकांनी घरोघर केले. विड्या मोजून देताना त्यातल्या काही ‘छाट’ म्हणून बाजूला पडत. या छाटीचे पैसे मिळत नसत. पारखीचा अधिकार एकतर्फी असल्याने ती मजुरी कापण्याची सोपी वाट झाली. विडी आणि सिगार या दोन्ही धंद्यांतल्या कामगारांसाठी संसदेने १९६६ मध्ये एकच कायदा केला. त्याखालच्या महाराष्ट्राच्या नियमांनी छाटीला साधारणपणे ५ टक्क्यांची मर्यादा घातली. कारखानदारांनी या कायद्याला आव्हान दिले, पण १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला.

तिसरा पारखी म्हणजे सरकार. दुसऱ्या महायुद्धाच्या खर्चासाठी १९४३ मध्ये तंबाखूवर अबकारी कर बसला. विडीच्या तंबाखूवर दर जास्त आणि हुक्क्याच्या किंवा खाण्याच्या तंबाखूवर कमी, अशी वर्गवारी होती. सुरुवातीला माल कशासाठी जाणार यावर कर ठरे. पुढे तो विडीला चालण्याजोगा आहे का, हा निकष आला आणि तंटे वाढले. प्रक्रिया न केलेल्या तंबाखूवरचा हा कर १९७९ मध्ये उठला.

कर उठला तरी शेतकऱ्याच्या पदरात भाव पडला नाही. मार्च १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणी भागातल्या तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडले. कराडही याच रस्त्यावर आहे. ६ एप्रिल १९८१ रोजी पोलिसांनी केलेल्या गोळीबारात १२ शेतकरी मारले गेले. त्याच सुमारास वखारींत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या बायकाही संघटित होत होत्या. दिवसभर धुळीत काम, तुटपुंजी मजुरी आणि अपमानाची वागणूक याविरुद्धचा त्यांचा लढा ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ मध्ये ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ या माहितीपटात टिपला.

कराडच्या बाजूला मात्र पिकांचे चित्र वेगळ्या कारणाने बदलले. इथे पाणी आले. कराडजवळ खोडशीला १८६० च्या दशकात बंधारा बांधून कृष्णा कालवा काढला होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोयना धरण झाले, उपसा सिंचन वाढले आणि रेठरे बुद्रुक, यशवंतनगर इथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. पाण्याखाली आलेली काळी जमीन उसाकडे वळली. उसाचे वजन काट्यावर होते, साखरेचा उतारा प्रयोगशाळेत निघतो आणि किमान दर सरकार जाहीर करते. काट्यावरून आणि दरावरून तिथेही आंदोलने झाली, पण वाद घालायला निदान आकडा असतो. तंबाखूत तो नव्हता. कोरडवाहू जमिनीवर तंबाखू उरली ती मुख्यतः दक्षिणेला निपाणीच्या परिसरात.

सिगारच्या जगात पारखीला प्रतिष्ठा मिळाली. अमेरिकेत १९९२ मध्ये ‘सिगार अफिशिओनादो’ हे मासिक निघाले आणि त्यात सिगारना १०० पैकी गुण देण्याची रीत रूढ झाली. नाव झाकून चाखायचे आणि मग गुण द्यायचे, हा तिथला दंडक. विडीला असे समीक्षक लाभले नाहीत. करात मात्र दोन्हींमध्ये भेद राहिला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा दोन्हींवर २८ टक्के दर होता, पण सिगारवर वेगळा उपकर बसला आणि विडी त्यातून सुटली. आरोग्याच्या बाबतीत अशी सूट नाही. पान कितीही उत्तम मुरलेले असो, त्याच्या धुरातून कर्करोग आणि हृदयविकार ओढवतात. २००३ च्या केंद्रीय कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आणली आणि २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर धोक्याची सचित्र सूचना छापावी लागते. ही अट विडीच्या बंडलालाही लागू आहे.