प्राणिरक्षकांचे शिक्षण : अलीपूर ते गेन्सव्हिल

प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांचा आहार, निवारा, स्वच्छता, आरोग्य आणि वर्तन यांची दैनंदिन जबाबदारी ज्या कर्मचाऱ्यावर असते, त्यास प्राणिरक्षक असे म्हणतात. बोलण्यात मात्र ‘कीपर’ हाच शब्द रुळला आहे. पशुवैद्यक बोलावल्यावर येतो, क्युरेटर फेरीवर येतो. प्राण्याच्या सान्निध्यात दिवसाचे सर्वाधिक तास प्राणिरक्षकच असतो. वन्य प्राणी आपला आजार लपवतात. रानात दुबळेपणा उघड होणे जिवावर बेतते आणि ही सवय पिंजऱ्यातही सुटत नाही. त्यामुळे रात्रीचे न संपलेले खाद्य, विष्ठेचा बदललेला पोत, नेहमीच्या कोपऱ्याऐवजी दाराशी बसलेले हरीण एवढ्याच खुणा आरंभी हाती असतात आणि त्या वाचणारा पहिला माणूस प्राणिरक्षक असतो. हे काम दीर्घकाळ मजुरीचे मानले गेले. वडीलधाऱ्या रक्षकाच्या हाताखाली राहून ते शिकायचे, अशी जगभर रीत होती. महाविद्यालयात शिकवण्याचा विषय म्हणून त्याला मान्यता मिळाल्यास जेमतेम अर्धशतक झाले आहे.

या विषयावरील आरंभीच्या महत्त्वाच्या पाठ्यग्रंथांपैकी एक भारतात लिहिला गेला, ही गोष्ट फारशी स्मरणात राहिलेली नाही. कलकत्त्याचे अलीपूर प्राणिसंग्रहालय १८७६ मध्ये सुरू झाले. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडावे लागलेले राम ब्रह्म सान्याल तेथे साध्या नोकरीवर लागले आणि पुढे संग्रहालयाचे अधीक्षक झाले. बंदिवासातील प्राण्यांच्या व्यवस्थापनावरील त्यांची इंग्रजी हस्तपुस्तिका १८९२ मध्ये प्रसिद्ध झाली. प्राण्याला कोठे ठेवावे, काय खाऊ घालावे, त्याची वाहतूक कशी करावी, आजारी पडल्यास काय करावे, हे त्यांनी प्रजातीवार आणि स्वतःच्या निरीक्षणाच्या आधारे नोंदवले. त्यांच्याच काळात, १८८९ मध्ये, अलीपूर येथे सुमात्रन गेंड्याचे पिल्लू जन्मले. बंदिवासात या प्रजातीचे पुढचे यशस्वी प्रजनन होण्यास २००१ साल उजाडले आणि ते अमेरिकेतील सिनसिनाटी येथे झाले. मधल्या ११२ वर्षांत वैद्यकशास्त्र कोठल्या कोठे गेले. परंतु या लाजऱ्या, एकलकोंड्या प्राण्याची नर-मादी जोडी केव्हा एकत्र सोडावी आणि केव्हा वेगळी करावी, हे कोडे सुटण्यास एवढा काळ लागला.

सान्याल यांच्या अनुभवसिद्ध नोंदींना सिद्धान्ताची जोड स्वित्झर्लंडमधील हायनी हेडिगर यांनी दिली. बर्न, बाझल आणि झुरिक येथील प्राणिसंग्रहालये सांभाळलेल्या हेडिगर यांनी १९४२ मध्ये बंदिवासातील वन्य प्राण्यांवरील आपला जर्मन ग्रंथ प्रसिद्ध केला. माणूस किती जवळ आल्यावर प्राणी पळ काढतो, ते अंतर प्रत्येक प्रजातीचे ठरलेले असते. आवार त्याहून अरुंद असेल, तर प्राणी कायम भीतीच्या छायेत जगतो, असे त्यांनी दाखवून दिले. पिंजऱ्याचे मोजमाप चौरस फुटांत करण्यापेक्षा प्राण्याच्या नजरेतून करावे, हा विचार येथून रूढ झाला.

महाविद्यालयीन शिक्षणाचा सर्वांत ठळक नमुना अमेरिकेत पाहावयास मिळतो. फ्लोरिडा राज्यातील गेन्सव्हिल येथील सांता फे महाविद्यालयाने १९७० मध्ये आपल्या आवारातच प्राणिसंग्रहालय उभारले. सुमारे दहा एकरांच्या या संग्रहालयाची दैनंदिन कामे विद्यार्थीच करतात. खाद्य कापणे, आवारे धुणे, नोंदी लिहिणे आणि पाहुण्यांना माहिती देणे हाच त्यांचा वर्ग. कॅलिफोर्नियातील मूरपार्क महाविद्यालयाचा अभ्यासक्रम १९७४ चा. तेथेही प्राण्यांची देखभाल विद्यार्थ्यांकडेच असते. आणि प्राण्यांना रविवार किंवा सणवार नसल्याने विद्यार्थ्यांनाही तो नसतो. दोन्ही ठिकाणी अभ्यासक्रम साधारण दोन वर्षांचा असून त्यात प्राणिशास्त्र, पोषण, वर्तनशास्त्र आणि आरोग्यरक्षण यांचे अध्यापन होते. प्राण्यांबरोबर छायाचित्रे काढण्याच्या हौसेने आलेला विद्यार्थी पहाटेच्या सफाईच्या पाळीत फार काळ टिकत नाही. ही गाळणी अभ्यासक्रमाचा अनधिकृत परंतु अत्यंत उपयुक्त भाग म्हटली पाहिजे.

या शिक्षणाने प्राण्यांच्या जीवनात काय फरक पडतो, हे एका साध्या उदाहरणावरून समजते. वाघाला लस टोचायची असल्यास जुनी पद्धत म्हणजे सरकत्या भिंतीचा पिंजरा. प्राण्याला त्यात दाबून धरायचे आणि सुई मारायची. दुसरा मार्ग बेशुद्धीच्या औषधाचा, आणि त्यात प्रत्येक वेळी थोडाफार धोका असतोच. प्रशिक्षित रक्षक त्याऐवजी वाघाला जाळीशी कूस टेकवून उभे राहण्यास शिकवतो. योग्य हालचाल होताच शिट्टी किंवा टिचकीचा आवाज आणि पाठोपाठ मांसाचा तुकडा, एवढेच त्याचे साधन. काही आठवड्यांच्या सरावानंतर प्राणी स्वखुशीने सुई टोचू देतो, शेपटीतून रक्ताचा नमुना घेऊ देतो. हरणांच्या बाबतीत तर हे कौशल्य जीवनमरणाचे ठरते. चितळ किंवा काळवीट धावपळ करून पकडल्यास भीती आणि अतिश्रमाने त्याच्या स्नायूंचा नाश होऊन ते काही तासांत किंवा दिवसांत दगावू शकते. पकडणाऱ्याला दोर टाकता येणे पुरेसे नाही. केव्हा थांबावे, हे त्याला कळावे लागते.

हत्तींच्या बाबतीत शिक्षणाची दिशा बदलण्यास एक दुर्घटना कारण ठरली. कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो वन्यप्राणी उद्यानात १९९१ मध्ये हत्तीच्या हल्ल्यात एका रक्षकाचा मृत्यू झाला. त्यानंतर रक्षक आणि हत्ती यांच्यामध्ये कायम अडसर ठेवून, केवळ खाद्याच्या प्रलोभनाने हत्तीकडून पाय धुवून घेण्यापासून दात तपासण्यापर्यंतची कामे करवून घेण्याची पद्धत तेथे विकसित झाली. अंकुशाविना हत्ती सांभाळता येतो, हे माहुतांची प्रदीर्घ परंपरा असलेल्या देशांना पटण्यास वेळ लागला. अद्यापही ते सर्वत्र पटलेले नाही. भारतात केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ मध्ये प्राणिसंग्रहालयांतील हत्ती वनविभागाच्या छावण्यांसारख्या ठिकाणी हलवण्याचे निर्देश दिले होते.

ब्रिटनमध्ये नोकरीत असलेल्या रक्षकांसाठी पदविका अभ्यासक्रम असून हॅम्पशायरमधील स्पार्शोल्ट महाविद्यालय त्यासाठी ओळखले जाते. जमशेदपूर येथे १९२५ मध्ये जन्मलेले लेखक जेराल्ड ड्युरेल यांनी १९५९ मध्ये जर्सी बेटावर प्राणिसंग्रहालय स्थापन केले आणि त्याला जोडून प्रशिक्षण केंद्र चालवले. संकटग्रस्त प्रजातींची पैदास हा त्याचा मुख्य विषय. शंभराहून अधिक देशांतील कार्यकर्ते तेथे शिकून गेले आहेत.

भारतात चित्र वेगळे आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये १९९१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण अस्तित्वात आले. मान्यतेशिवाय प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. संचालक, पशुवैद्यक, शिक्षणाधिकारी आणि प्राणिरक्षक यांच्यासाठी प्राधिकरणातर्फे प्रशिक्षणवर्ग घेतले जातात. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था वन्यजीवशास्त्राचे उच्च शिक्षण देते. नागपूरजवळील गोरेवाडा येथे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. मात्र यांतील दीर्घ मुदतीचे शिक्षण बहुतांशी अधिकारी, संशोधक आणि पशुवैद्यक यांच्यासाठी आहे. प्रत्यक्ष पिंजऱ्याची किल्ली ज्याच्या कमरेला असते, त्याच्या वाट्याला अल्प मुदतीचे वर्ग येतात. त्याची नेमणूक महापालिका किंवा वनविभागाच्या खालच्या श्रेणीत, अनेकदा कंत्राटी तत्त्वावर होते. वर्षानुवर्षे एकाच प्राण्याबरोबर काढलेला रक्षक निवृत्त झाला की त्याचे ज्ञान त्याच्याबरोबरच बाहेर पडते, कारण ते बहुधा कोठे लिहिलेले नसते.

या उणिवेची किंमत किती असू शकते, याचा अंदाज जुन्या घटनांवरून येतो. ओडिशातील नंदनकानन येथे जुलै २००० मध्ये रक्तातील परजीवीमुळे होणाऱ्या रोगाने १२ वाघ दगावले. चावणाऱ्या माश्यांमार्फत हा रोग पसरतो. अशा साथीत पहिल्या प्राण्याची सुस्ती कोणाच्या आणि केव्हा लक्षात येते, यावर बरेच अवलंबून असते. बंगळुरूजवळील बन्नेरघट्टा येथे २०१७ मध्ये वाघांच्या हल्ल्यात एका रक्षकाचा मृत्यू झाला. आत जाण्यापूर्वी प्राणी मोजणे, मधले दार स्वतः ओढून पाहणे, दुसरा सहकारी समोर असल्याशिवाय कुलूप न उघडणे हे नियम भिंतीवर लिहून अंगवळणी पडत नाहीत. त्यांचा सराव करून घ्यावा लागतो. मुंबईच्या राणीच्या बागेत जुलै २०१६ मध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. त्यांपैकी एक तीन महिन्यांतच मरण पावला आणि मोठा वाद झाला. पुढे याच थव्याची पैदास मुंबईत झाली. पाण्याचे तापमान आणि गाळण यांपासून मासे हाताने भरवण्यापर्यंतची ही निगा या संग्रहालयासाठी नवी होती.

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या मराठी विद्यार्थ्यापुढे आज दोन वाटा आहेत. बारावीनंतर नीट परीक्षेद्वारे पशुवैद्यकीय पदवी आणि पुढे वन्यजीव विषयात पदव्युत्तर शिक्षण ही पहिली. प्राणिशास्त्राची पदवी घेऊन जीवशास्त्रज्ञ किंवा शिक्षणाधिकारी पदाकडे जाणे ही दुसरी. रक्षक होण्याची ज्याची मनापासून इच्छा आहे, त्याला मात्र पदाची जाहिरात निघण्याची वाट पाहावी लागते. कामाचे धडे त्याला त्यानंतर, पिंजऱ्याच्या दारातच मिळतात.