परसातलं बी

आपली सोसायटी उभी राहण्याआधी रहिमतपुरातलं घर म्हटलं की पुढं अंगण आणि मागं परस. न्हाणीचं सांडपाणी अळूला जायचं, दोडका-पडवळ मांडवावर चढायचे आणि भोपळ्याचा वेल कुंपणावरून शेजारी. मृगाला बी टोकायचं, श्रावण-भाद्रपदात तोडणी. पडवळ सरळ वाढावं म्हणून त्याच्या टोकाला खडा बांधत.

या बागेचा आपल्याकडं एक खास दिवस आहे, ऋषिपंचमी. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी व्रत करणाऱ्या बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. माणसाच्या हातानं पिकलेलंच चालतं, म्हणजे मुख्यतः परसातलं. अळू, पडवळ, दोडका, माठ, लाल भोपळा, मक्याचं कणीस, सगळं एका पातेल्यात. यातले अळू, पडवळ, दोडका आपल्याकडचे फार जुने. मका आणि लाल भोपळा मात्र मूळचे अमेरिकेतले, म्हणजे १४९२ नंतर दर्यावर्दी व्यापारातून इकडं आलेले. आपल्या आज्या-पणज्यांनी नव्या भाजीला कधी नाही म्हटलं नाही. अट एकच, हातानं पिकवलेली हवी.

हे टिकलं ते बियांमुळं. एक चांगलं फळ तोडायचं नाही, वेलावरच वाळू द्यायचं, बी राखेत घोळवून मडक्यात ठेवायचं. हे काम बायकांचं. परस गावठाणात, त्यामुळं तिथलं पीक सातबाऱ्यावर कधी चढलं नाही आणि ते पिकवणारीचं नावही नाही.

पुढं संकरित बियाण्यांची पाकिटं आली. त्यांच्या फळातलं बी लावलं तर पुढचं पीक तसंच उतरत नाही, म्हणून दर वर्षी नवं पाकीट. घरचं बी काही वर्षं लावलं नाही की त्याची उगवण जाते, वाण संपतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांनी असं गावठी बी गोळा करून घरीच बियाणे बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

सोसायटीत परस नाही, पण गच्ची आहे, कुंपणाची भिंत आहे. ज्यांच्या घरी आजींनी दोडक्याचं, घेवड्याचं जुनं बी अजून राखलंय, त्यांनी या रौप्यमहोत्सवी वर्षात चार बिया शेजारी द्याव्यात. घेणाऱ्यानं एवढंच करावं, सगळी भाजी खाऊन टाकू नये. एक फळ वेलावर वाळू द्यावं.