‘दिसला’ की ‘पाहिला गेला’?

इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांच्या वह्या चाळल्या, तर एक स्वाध्याय हमखास आढळतो : प्रयोग बदला. कर्तरीचे कर्मणी करायचे. ‘आय सॉ हिम’चे ‘ही वॉज सीन बाय मी’ झाले की गुण मिळतात आणि वही मिटते. ‘तो माझ्याकडून पाहिला गेला’ असे मराठीत कोणी बोलत नाही. आपण सरळ म्हणतो, ‘तो मला दिसला.’ ही बाब किरकोळ वाटेल. परंतु ‘पाहणे’ या क्रियापदाच्या कर्मणी रूपाने आपल्या श्रद्धेच्या इतिहासात फार मोठा भार वाहिला आहे. पुनरुत्थित प्रभूविषयीची सर्वांत जुनी लिखित साक्ष याच रूपात आपल्या हाती आली, आणि इंग्रजीत आल्यावर पाचशे वर्षांत त्या रूपाने तीन वेगवेगळे पोशाख धारण केले.

संत पौलाने करिंथ येथील ख्रिस्तसभेला पहिले पत्र इ. स. ५३ ते ५५ च्या सुमारास लिहिले. त्याच्या पंधराव्या अध्यायात तो साक्षीदारांची यादी देतो : केफा, बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब, सर्व प्रेषित आणि अखेरीस स्वतः पौल. या यादीत एकच ग्रीक क्रियापद चार वेळा येते : ‘ओफ्थे’. ‘होराओ’ म्हणजे पाहणे. ‘ओफ्थे’ हे त्याचे भूतकाळी कर्मणी रूप. गंमत अशी की, ज्यांनी पाहिले त्यांची नावे पौल तृतीयेत घालत नाही, चतुर्थीत घालतो. ‘केफाकडून’ नव्हे, ‘केफाला’.

ही रचना पौलाने घडवली नव्हती. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथे यहुदी पंडितांनी मोशेचे ग्रंथ ग्रीकमध्ये आणले, तेव्हा परमेश्वराने अब्राहामाला दर्शन दिले त्या प्रसंगांसाठी त्यांनी हेच ‘ओफ्थे’ योजले होते. पुढे त्याच नगरातील फिलो या यहुदी तत्त्वज्ञाने या रूपावर बोट ठेवले. तो प्रभू येशूचा समकालीन. त्याचा आशय असा : शास्त्र म्हणत नाही की ज्ञानी पुरुषाने देवाला पाहिले, शास्त्र म्हणते की देव त्याला दिसला. कारण देवाने स्वतः प्रकट झाल्यावाचून मनुष्याच्या नजरेला तो गवसणे शक्य नाही. व्याकरणाच्या एका रूपात एवढे ईश्वरविज्ञान सामावले आहे!

पौलाला कर्तरी रूप ठाऊक नव्हते असेही नाही. त्याच पत्राच्या नवव्या अध्यायात, आपल्या प्रेषितपदावर शंका घेणाऱ्यांना उत्तर देताना, आपण प्रभूला पाहिले आहे हे तो कर्तरी प्रयोगातच ठणकावतो. मग्दालेची मरियाही शिष्यांना सांगते ते कर्तरी प्रयोगातच. अर्थात साक्षीदार आपल्या डोळ्यांची हमी देतो तेव्हा ‘मी पाहिले’. आणि दर्शन देणाऱ्याचा पुढाकार सांगायचा असतो तेव्हा ‘तो दिसला’. दोन्ही वाक्ये खरी, दोन्ही आवश्यक.

लॅटिनमध्ये हे रूप सुखरूप पोहोचले. संत जेरोमच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वुल्गाता भाषांतरात ‘विसुस एस्त’ आणि पुढे चतुर्थी. मात्र लॅटिनमध्ये ‘विदेतुर’ हे एकच रूप दोन कामे करते : ‘दिसतो’ आणि ‘असे वाटते’. सेमिनरीत संत थॉमस अक्वायनसची ‘सुम्मा’ वाचताना आम्हांला याची चांगलीच ओळख झाली. प्रत्येक प्रश्नाच्या आरंभी ‘विदेतुर क्वोद’, म्हणजे ‘असे दिसते की’. त्यापुढील मत काही पानांत खोडले जाणार, हे आम्ही लवकरच शिकलो. उलट प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेमच्या सभेचा निर्णय पवित्र आत्म्याच्या नावाने जाहीर होतो, तेथेही वुल्गातात ‘विसुम एस्त’ आहे. एकाच धातूची रूपे. एका ठिकाणी शंका, दुसऱ्या ठिकाणी ख्रिस्तसभेचा अधिकार.

आता इंग्रजी. चौदाव्या शतकाच्या अखेरीस जॉन विक्लिफच्या मंडळींनी लॅटिनवरून भाषांतर केले, तेव्हा त्यांनी चतुर्थीला धक्का लावला नाही. त्यांचे शब्द ‘वॉज सीन टू’ असे. आजच्या इंग्रजी शिक्षकाने त्यावर लाल रेघ मारली असती! परंतु त्या काळच्या इंग्रजीला अनुभवाची चतुर्थी परकी नव्हती. जुन्या इंग्रजीत ‘वाटणे’ आणि ‘विचार करणे’ यांसाठी दोन निराळी क्रियापदे होती. पहिल्याबरोबर ‘मी’ नव्हे, ‘मला’ येई. ‘मीथिंक्स’ हा जुना शब्द म्हणजे आपले ‘मला वाटते’च. पुढे ती दोन क्रियापदे एकमेकांत मिसळली, ‘मला’ मागे पडले आणि सर्वत्र ‘मी’ कर्ता होऊन बसला.

सोळाव्या शतकात, १५२६ साली, विल्यम टिंडेलचा नवा करार छापला गेला. तो थेट ग्रीकवरून केलेला. पण त्यात ‘टू’ जाऊन ‘ऑफ’ आले. त्या काळी कर्मणी वाक्यातील कर्ता ‘ऑफ’ने दाखवीत. १६११ च्या किंग जेम्स भाषांतराने तेच ठेवले. अठराव्या शतकात बिशप चॅलनर यांनी कॅथलिकांच्या डुए-रीम्स भाषांतराची सुधारणा केली, त्यात ‘बाय’ आले. चतुर्थीची तृतीया झाली. पाहणारा कर्ता ठरला आणि प्रभू पाहण्याचा विषय. किंग जेम्समध्ये मत्तयच्या सहाव्या अध्यायातील, लोकांनी पाहावे म्हणून प्रार्थना करणाऱ्या ढोंग्यांसाठीही नेमकी हीच ‘सीन ऑफ’ रचना आहे. ज्याला स्वतःचे प्रदर्शन मांडायचे आहे तो, आणि जो प्रीतीने स्वतःला प्रकट करतो तो, इंग्रजी व्याकरणात एका रांगेत उभे राहिले.

१८८१ च्या सुधारित भाषांतराने ‘अपिअर्ड टू’ हा तिसरा पोशाख दिला. आजची बहुतेक इंग्रजी भाषांतरे त्याच वळणाची आहेत. पुढाकार पुन्हा प्रभूकडे आला. तथापि ‘अपिअर’ला दुसरा अर्थ चिकटलेला आहे : नुसता भास होणे. म्हणून काही वाचकांना वाटते की, पौल एखाद्या छायेविषयी बोलत आहे. त्यांनी यादी पुन्हा वाचावी. पाचशे बंधूंपैकी बहुतेक अद्याप जिवंत आहेत, असे पौल मुद्दाम नोंदवतो. भासाविषयी बोलणारा मनुष्य असे पत्ते देत नाही.

आपल्या मराठी शास्त्रात येथे ‘दिसला’ आहे. या साध्या क्रियापदाने ‘केफाला’ची चतुर्थीही राखली आणि डोळ्यांची साक्षही. इंग्लंडच्या विल्टशायरमध्ये १५४९ साली जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले आणि १६१६ मध्ये त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. त्यांच्या मायदेशातील भाषा अनुभवाची चतुर्थी टाकून देत होती. आपली मराठी ती अंगाखांद्यावर मिरवत होती. मला दिसते, मला वाटते, मला आठवते : पाहणाऱ्यापेक्षा प्रकट होणाऱ्याला मान देणारी ही आपली बोलण्याची रीत आहे.

वाचकहो, हे सारे मी पांडित्यासाठी लिहिलेले नाही. तरुणपणी मी सहायक धर्मगुरू असताना एका बैठकीचा वृत्तांत माझ्याकडे सहीसाठी आला. तो इंग्रजीत होता. मंदिराची देखभाल करणारा एक गडी दानपेटीजवळ अवेळी ‘वॉज सीन’, असे त्यात होते. कोणाला दिसला, ते नव्हते. मी विचारले नाही. सही केली. गड्याचे काम गेले आणि तो गाव सोडून गेला. काही महिन्यांनी ती रक्कम दुसऱ्या खतावणीत जमा केलेली सापडली. आम्ही त्याला निरोप धाडला. तो परत आला नाही. त्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. त्यात फक्त माणूस नव्हता.

‘असे म्हणतात’, ‘असे समजले जाते’, ‘तो दिसला म्हणे’ : पाहणाऱ्याला पडद्याआड ठेवणारी अशी वाक्ये आपल्या अंगणातही रोज फिरतात आणि कोणाची तरी अब्रू घेऊन जातात. संत पौलाने कर्मणी रूप चार वेळा वापरले, पण एकदाही ते निराधार सोडले नाही. कोणाला? केफाला. कोणाला? याकोबाला. कोणाला? मला. ‘दिसला’ या शब्दाआधी ‘कोणाला’ याचे उत्तर देण्याची तयारी ठेवणे, हीच साक्ष. ते उत्तर जवळ नसेल, तर मौन बरे.